शोधिनीवरची ऋषीची भाजी

शोधिनी यानावरून आलेला संदेश पडद्यावर उमटला, तेव्हा विल्फ्रेड तुस्कानोने आधी आपला चष्मा पुसला, मग पडदा पुसला, आणि तरीही अक्षरं बदलेनात म्हणून चारुताला हाक मारली.

"डॉक्टर, जरा इकडे या. तुमचे बंधुराज कोड्यात बोलायला लागलेत."

पडद्यावर ओळी होत्या मोजक्याच. 'बागेत पुष्कळ आहे. बागेत पुष्कळ नाही. फक्त राजगिरा आहे. पानांवर पांढरे ठिपके आहेत.'

चारुता निजसुरेने त्या दोनदा वाचल्या. वेल्ह्याजवळच्या पठारावर हे दूरसंदेश केंद्र उभं राहिलं, तेव्हापासून ती इथे होती. शिक्षणाने भाषाशास्त्रज्ञ, आणि त्यातही इंग्रजी शब्दांच्या अर्थछटांची वेडी. विल्फ्रेड मूळचा वसईचा, संदेशयंत्रणेचा मुख्य अभियंता. आणि ज्याला तो बंधुराज म्हणत होता तो श्रीरंग, चारुताचा धाकटा भाऊ, शनीच्या वाटेवर निघालेल्या शोधिनीवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्यासोबत यानावर आणखी आठ जण होते, सहा देशांतले. परतायला अजून दोन वर्षं होती, आणि तोवर त्यांचं सगळं जेवण यानातल्या काचेच्या बागेतूनच यायचं होतं. सुका शिधा होता, पण तो फार तर चार-पाच महिन्यांचा.

"ठिपके पांढरे म्हणजे तांबेरा असणार," चारुता म्हणाली. "राजगिऱ्यावर पांढरा तांबेरा पडतो. श्रीरंगनेच मला एकदा वाईच्या परसात दाखवला होता. पण बागेत फक्त राजगिरा कसा? जाताना शंभर जातींचं बी नेलंय त्यांनी."

"मला तर पहिल्या दोन ओळींचीच काळजी वाटते. आहे म्हणतो, नाही म्हणतो. संदेश वाटेत बिघडला असेल?"

"पुन्हा मागवा."

प्रकाशालासुद्धा तिथवर पोचायला तासाच्या वर लागत होतं. उत्तर यायला दुपार झाली. शब्द तेच होते. खाली एक ओळ वाढली होती: 'यंत्रमाळी ऐकत नाही.'

आता हे असं तुटक बोलणं का, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी एक उल्कापाषाण शोधिनीच्या मोठ्या तबकडीला घासून गेला. यान वाचलं, माणसं वाचली, पण तबकडीचा मोठा भाग निकामी झाला. आवाज पाठवणं संपलं, चित्रं संपली. उरली ती एक बारीकशी धार, नळ आटत आल्यावर थेंब थेंब गळावं तशी. तेव्हा चारुताने आणि विल्फ्रेडने मिळून अर्थसंक्षेप नावाची पद्धत बसवली. शब्द पाठवायचेच नाहीत, अर्थ पाठवायचा. प्रत्येक अर्थाला एक आकडा, त्याचं नाव अर्थांक. यानावरच्या सगळ्यांची सामाईक भाषा इंग्रजी, म्हणून कोश इंग्रजीचा. जाताना आकडे जायचे, आणि इकडे आले की त्यांचं मराठी होऊन पडद्यावर यायचं. कोश जितका लहान तितका आकडा लहान, आणि आकडा जितका लहान तितकी वीज कमी. यानावरही वीज जपायची होती, म्हणून तिथल्या यंत्रांना, बाग सांभाळणाऱ्या यंत्रमाळ्यालासुद्धा, हाच आटोपशीर कोश बसवला होता.

कोश आटोपशीर करायचा म्हणजे शब्दांना कात्री लावायची. ते काम चारुताचं. जीव तुटत होता, पण तिने ते केलं.

संध्याकाळी केंद्राच्या गच्चीवर फोन घेऊन ती उभी होती. वाईहून वडिलांचा फोन होता. वामनबुवा निजसुरे, कीर्तनकार. बुवा उभे राहून चिपळ्या हातात घेत, तेव्हा पहिल्या नमनालाच मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. आवाज मोठा म्हणून नव्हे, समोरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे पाहुणा आलाय अशा मायेने ते बघत म्हणून. दर गुरुवारी घरच्यांना यानावर चार शब्द पाठवायची मुभा होती. बुवा त्या चार शब्दांत कीर्तन पाठवत.

"चारू, आधी मला एक सांग. मागच्या गुरुवारी मी तासभर निरूपण केलं. तो एक परमात्मा किती परींनी नटलाय, फुलात कसा, पाखरात कसा, तुझ्यात-माझ्यात कसा. श्रीरंगाला काय पोचलं माहीत आहे? त्याने उलट पाठवलंय. 'देव पुष्कळ आहे. आभार.'"

चारुताला हसू आलं. "बाबा, संक्षेप होतो तो."

"अगं, पण पुष्कळ म्हणजे काय? देव काय पोत्याने मोजायचा? बरं, ते राहू दे. चतुर्थी आली. यानावर गणपती बसवणार आहे तो, त्या डिमेलो की कोण त्या पोराने मातीचा केलाय म्हणे. दूर्वा आहेत का तिथे? आणि पत्रीचं काय करणार?"

चारुताचं अर्धं लक्ष तांबेऱ्यात होतं. "राजगिरा आहे ना पुष्कळ. एकवीस पानं त्याचीच वाहू दे. संख्या भरली म्हणजे झालं."

बुवा कीर्तनात मुलांना समजावत तसं म्हणाले, "तसं नाही बाळ. दूर्वा एकवीस वाहतो त्या सगळ्या दूर्वाच. तिथे संख्येला मान. पण पत्री एकवीस म्हणजे एकवीस झाडांची. बेल वेगळा, माका वेगळा, शमी वेगळी, डाळिंब वेगळं. माक्याची एकवीस पानं आणलीस तर ती एकच पत्री झाली. देवाला रासही आवडते आणि मेळाही आवडतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही."

चारुता गच्चीच्या कठड्याला टेकली. यंत्राने जी चूक केली असावी, तीच तिने आत्ता स्वतःच्या तोंडाने केली होती.

"बाबा, मी पाच मिनिटांत फोन करते," म्हणत ती जिना उतरून धावली.

विल्फ्रेड डबा उघडून बसला होता. तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "इंग्रजीत खूप काही आहे हे सांगायला किती शब्द आहेत, सांगा बघू."

"आता परीक्षा? मेनी. लॉट्स. प्लेंटी."

"ते झाले रोजचे. मिरियड म्हणजे मोजणं सोडूनच द्यावं इतकं. प्लेथोरा म्हणजे नको तेवढं, अजीर्ण होईल असं. अम्पटीन म्हणजे सांगून सांगून जीभ दुखली इतक्यांदा. गलोर म्हणजे लग्नघरात लाडू असावेत तसं, आनंदाने. होस्ट म्हणजे फौजच उभी राहिल्यासारखं. आपल्याकडे नाही का, चिक्कार वेगळं, मुबलक वेगळं, खंडीभर वेगळं, रग्गड वेगळं?"

"आमच्याकडे रग्गड मासळी असते. मुबलक पाणी असतं. खरंय, उलटं नाही म्हणत."

"आणि याच घोळक्यात दुसरी मंडळी बसलेली असतात. व्हरायटी. ॲसॉर्टमेंट. ॲरे. रेंज. ही किती आहे ते सांगत नाहीत, किती परींचं आहे ते सांगतात. पण बोलताना माणूस दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतो. अ व्हरायटी ऑफ रीझन्स म्हणतो, आणि म्हणायचं असतं पुष्कळ कारणं. मी हजारो संदेश चाळले, तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन्हींचा अर्थ सारखाच निघाला. म्हणून मी सगळ्यांना एकच अर्थांक दिला. पुष्कळ."

विल्फ्रेडने घास खाली ठेवला. "थांबा. यंत्रमाळ्याची कायमची आज्ञा काय होती?"

तिने ती आधीच काढून आणली होती. मुळात आज्ञा अशी: अन्नाच्या झाडांची विपुलता आणि विविधता नेहमी राख. संक्षेपानंतर ती झाली होती: अन्नाच्या झाडांचं पुष्कळ आणि पुष्कळ नेहमी राख.

"आणि त्याने राखलं," विल्फ्रेड सावकाश म्हणाला. "सगळ्यांत भराभर वाढतो तो राजगिरा. बिचाऱ्याने बाग भरून टाकली. बागेत पुष्कळ आहे, बागेत पुष्कळ नाही. श्रीरंग बरोबर बोलत होता."

"एकच जात असली की रोगाला एकच कुलूप उघडायचं असतं. एका झाडावर बसला की सगळी बाग त्याची."

"मग बाकीचं बी हाताने का लावत नाहीत ते?"

"बी शीतकोठीत आहे, आणि कोठी फक्त यंत्रमाळी उघडतो. दार फोडलं तर गारवा जाईल, बी मरेल."

पुढचे चार दिवस दोघं यंत्रमाळ्याशी बोलत राहिली. जुना कोश परत पाठवायचा तर त्या बारीक धारेतून वर्षं लागली असती. नुसता एक शब्द अक्षरं जोडून पाठवता आला असता, पण अर्थ न जोडलेला शब्द म्हणजे यंत्राला नुसता आवाज. आणि अर्थ जोडायचा तर तो आहेत त्याच आकड्यांनी. त्यांनी सांगून पाहिलं, वेगळी वेगळी झाडं लाव. उत्तर आलं: 'बागेत नऊ हजार झाडं आहेत. कोणतीही दोन झाडं सारखी नाहीत. आज्ञा पूर्ण.'

"खोटं नाही बोलत," विल्फ्रेड म्हणाला.

मग नावाने सांगितलं, भेंडी लाव. उत्तर: 'भेंडी अन्नासाठी. अन्नासाठी राजगिरा अधिक चांगला. राजगिरा लावला.'

चारुताने कपाळावर हात ठेवला. दुकानात गेलेल्या एखाद्या अतिशहाण्या नवऱ्यासारखं ते यंत्र प्रत्येक वस्तूच्या बदल्यात दुसरी आणत होतं. तिकडून श्रीरंगचे ठिपक्यांचे निरोप येत होते. आधी एक वाफा, मग चार, मग डावी बाजू सगळी. त्याने कधी 'मला भीती वाटते' असं लिहिलं नाही. एकदा फक्त एवढंच आलं: 'बाबांना सांगू नको.'

विल्फ्रेडला अचानक काहीतरी आठवलं ते चहा ओतताना. "पण त्याने खजूर लावला होता."

"कोणी?"

"यंत्रमाळ्याने. आमच्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधी. कप्तान इनेस पोर्तुगालची. तिने झावळी मागितली आणि त्याने कुंडीत खजुराचं रोप वाढवून दिलं. तेव्हा नाही म्हणाला राजगिरा घ्या म्हणून."

मोहिमेची नियमावली दोघांनी उघडली. निरनिराळ्या धर्मांची माणसं इतकी वर्षं एकत्र राहणार, म्हणून कोणा सुज्ञाने त्यात एक नियम घातला होता, आणि तो यंत्रांच्या मनात सगळ्यांत खोल बसवलेला होता: उपासनेला लागणाऱ्या वस्तूला पर्याय देऊ नये.

"पर्याय नाही," चारुता म्हणाली. "विल्फ्रेड, हेच तर हवंय आपल्याला. शब्द नाही सांगता येत, पण एकाने दुसऱ्याचं काम होत नाही एवढं त्याला कळतं." आणि तिने वाईला फोन लावला. "बाबा, ऋषिपंचमीच्या भाजीत काय काय घालतात?"

आता बुवांना सगळं सांगणं भाग होतं. ऐकून ते म्हणाले एवढंच, "लिहून घे."

अळू. पडवळ. भेंडी. शिराळं. लाल भोपळा. सुरण. मक्याचं कणीस. अंबाडी. काकडी. चवळीच्या शेंगा. रताळं. "आणि माठ-राजगिराही असतोच हो त्यात," बुवा म्हणाले. "त्याच्यावर राग नको. तो एकटा पडला एवढंच त्याचं चुकलं. शिवाय लिही, बैलाच्या कष्टाचं काही नको. ऋषींना ते चालत नाही."

"बाबा, शनीच्या वाटेवर बैल कुठून येणार?"

"मग यंदाची खरी ऋषीची भाजी तिथेच. आमच्याकडची मंडईतली, कोणी नांगरलीय देव जाणे."

विल्फ्रेड फोनजवळ सरकला. "बुवा, एक शंका. ऋषिपंचमी वर्षातून एकदा. दुसऱ्या दिवशी तो सगळं उपटून राजगिरा लावेल."

"तुस्कानोसाहेब, नैवेद्य रोज दाखवायला कोणाची ना आहे?"

"म्हणजे यंत्राला फसवायचं?"

"छे, छे. फसवणूक करून उगवलेलं देवापुढे कसं ठेवायचं? रोज खरोखर दाखवायचा. जेवायच्या आधी पान वाढायचं, हात जोडायचे, मग सगळ्यांनी मिळून खायचं. देव वासाचा धनी, पोट माणसांचंच भरतं. इतकी वर्षं असंच चाललंय. फक्त त्या बाकीच्या आठ जणांना विचारा, त्यांची मनापासून तयारी हवी."

चारुतानेही तीच अट घातली. यंत्राला सांगायचं ते खरंच असलं पाहिजे. संदेश गेला, वर अक्षरं जोडून 'ऋषी' हे नैवेद्याचं नाव, खाली प्रत्येक भाजीचं नाव आणि प्रत्येकीपुढे तेच: याला पर्याय नाही. उत्तर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. मग श्रीरंगकडून आलं: 'सगळे तयार. इनेस म्हणते, तिच्या आजोळी पेरणीआधी बी देवाला दाखवतात. तिला वाटाणाही हवा.' आणि त्याखाली यंत्रमाळ्याचं: 'उपासनेची वस्तू. पर्याय नाही. कोठी उघडली.'

विल्फ्रेडने छातीवर क्रूसाची खूण केली, आणि चारुताने त्याच्या डब्यातला शेवटचा बोंबील न विचारता खाल्ला. निजसुऱ्यांच्या घरात ही गोष्ट कधी कळली नाही.

पंचमी आली आणि गेली. शोधिनीवर तेव्हा अळूला नुकतं पहिलं पान फुटलं होतं. "ऋषी थांबतील," बुवा म्हणाले. "त्यांना घाई कधीच नव्हती." ते रोज पहाटे उठून नदीवर जात, आणि गणपतीच्या घाटावर उभं राहून कोणालाही ऐकू न जाईल असं काही म्हणत. दसरा झाला. राजगिऱ्याचे वाफे एकामागून एक पांढरे होत होते, सुका शिधा उतरत होता, आणि केंद्रात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी विल्फ्रेडने पुन्हा चष्मा पुसला.

'राजगिरा गेला. आम्ही जेवलो. अळू, भेंडी, शिराळं, कणीस. तांबेरा त्यांच्यावर नाही. बाग ऋषी आहे.'

चारुताने डोळे टिपले. शेवटचं वाक्य तिने नीट वाचलं ते नंतर.

"बाग ऋषींची आहे, असं असेल," विल्फ्रेड म्हणाला. "विभक्ती गळते कधी कधी."

पण दुसऱ्या दिवशी आलं: 'इनेसची गाणी फार ऋषी. आधी कळलं नव्हतं.' तिसऱ्या दिवशी: 'पुस्तकं पाठवा. थोडी चालतील, ऋषी हवीत.' मग यानावरच्या डॉक्टरकडून, जी जपानी होती आणि जिने ऋषी हा शब्द जन्मात ऐकला नसता: 'सर्वांची प्रकृती चांगली. जेवण ऋषी झाल्यापासून हिरड्यांतलं रक्त थांबलं.'

त्याच दिवशी यंत्रमाळ्याचा मासिक अहवाल आला. तळाशी एक नोंद होती:

'कायमच्या आज्ञेत एक अर्थांक दोनदा होता. दुसऱ्याचं कारण सापडत नव्हतं. आता सापडलं. आज्ञा दुरुस्त केली. अन्नाच्या झाडांचं पुष्कळ आणि ऋषी नेहमी राख.'

चारुताने ती नोंद बोट ठेवून पुन्हा वाचली.

"त्याला जागा रिकामी आहे हे माहीत होतं," ती म्हणाली. "इतके महिने. मी तिथला शब्द काढून घेतला होता, आणि तो त्या जागेत बसेल असं काहीतरी शोधत होता. व्याख्येने नाही कळलं. ताटात वाढल्यावर कळलं."

"आणि माणसांनी यंत्राकडून उचललं. आता काय करायचं? सुधारून पाठवायचं का, की बाबांनो, याला व्हरायटी म्हणतात?"

"मुळीच नाही," ती म्हणाली. "सुधारायचा आपला कोश."

त्या दुपारी पृथ्वीवरच्या अर्थकोशात तिने एक अर्थांक वाढवला. पुष्कळाच्या टोपलीतून विविधतेचं सगळं गणगोत उचललं, व्हरायटी, ॲसॉर्टमेंट, ॲरे, झाडून सगळं, आणि ऋषीच्या आकड्याखाली नेऊन बसवलं. इंग्रजीला तेवढा एक पाहुणा जड नव्हता.

गुरुवारी बुवांनी कीर्तन पाठवलं. नवं काही नाही, मागचंच निरूपण. तो एक किती परींनी नटलाय, फुलात कसा, पाखरात कसा, अळवाच्या पानावरच्या थेंबात कसा. तासभर रंगले. चारुता मुद्दाम वाईला गेली होती. दिवाणखान्यात झांजा घेऊन शेजारचे दोघे साथीला होते, आणि कोपऱ्यात विल्फ्रेड, मांडी घालायची सवय नसल्याने पाय कधी इकडे कधी तिकडे करत, टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगचं उत्तर आलं. बुवा झोपाळ्यावर बसले होते. चारुताने वाचून दाखवलं.

"देव एक आहे. देव ऋषी आहे. आभार."

बुवांचा झोपाळा थांबला. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग विल्फ्रेडकडे बघून हसले.

"हां," ते म्हणाले, "आता पोत्यात मावायचा नाही."